जखमी पक्षी आणि चार वाटा

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. नारायणगावात मीना नदीच्या काठी एका बाभळीवर घार उलटी लोंबकळताना शेजारच्या मुलांनी पाहिली. पंखाला मांजाचे वेढे पडले होते. लांब काठीला विळा बांधून आम्ही फांदी तोडली आणि घार खाली उतरवली. मांजा कापताना दिसले, की पंखाच्या पुढच्या कडेची कातडी पार चिरली आहे. ती निसटू नये म्हणून मी तिला टॉवेलात घट्ट आवळून धरले, चोच उघडून चमच्याने दूध पाजले आणि खोक्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी टाके घातले, पैसे घेतले नाहीत आणि म्हणाले, "पाखरांचं आम्हाला फारसं शिकवलेलं नाही हो. बघा, जगली तर जगली."

दुसऱ्या दिवशी सकाळी घार मेलेली होती. मुलांपैकी एकाने विचारले, "काका, आपण तर तिला दूध पाजलं होतं, मग मेली कशी?"

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला बरीच वर्षे लागली. उत्तराचा पहिला भाग सोपा आणि लाजिरवाणा आहे. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. छाती आवळली, की नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. बळेच ओतलेला द्रव तिथून थेट श्वासमार्गात जाऊ शकतो. शिवाय दूध हे पक्ष्याचे अन्नच नव्हे, ते पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. म्हणजे मांजाने घार जखमी केली, आणि पुढचे बरेचसे माझ्या मायेने केले.

उत्तराचा दुसरा भाग इतिहासाचा आहे आणि हा लेख त्यासाठी आहे. जखमी पक्ष्याला बरे करण्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याकडे नव्हते, असे नाही. ते चार ठिकाणी वाटले गेले होते आणि ती चार ठिकाणे शतकानुशतके एकमेकांशी बोलत नव्हती. दया करणारे एकीकडे, शिकार करणारे दुसरीकडे, पक्ष्यांचा अभ्यास करणारे तिसरीकडे आणि शस्त्रक्रिया जाणणारे चौथीकडे.

दयेची वाट

दयेची वाट सर्वांत जुनी. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचे आणि त्यासाठी औषधी वनस्पती लावल्याचे सांगितले आहे. याच शिलालेखमालेचे तुकडे आपल्याकडे सोपाऱ्याला सापडले. ज्या नाणेघाटाने आमचा जुन्नर कोकणातल्या बंदरांशी जोडला गेला, त्याच परिसरातले ते सोपारा. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तिच्यात पोपट, मैना, चक्रवाक, हंस येतात. मात्र पक्ष्यांच्या बाबतीत तिथे आज्ञा आहे ती न मारण्याची. जखमी झालेल्याचे काय करावे, याविषयी त्या यादीत काही नाही.

ते सांगण्याचे काम गोष्टीने केले. देवदत्ताने बाण मारलेला हंस सिद्धार्थाने उचलला, बाण काढला, जखम बांधली, आणि हंस कोणाचा यावर वाद झाला. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा अधिकार मोठा, हा निवाडा मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी ज्या तालुक्यात आहेत, तिथे ही गोष्ट परकी नाही. तरी एक बाब लक्षात घ्यावी. गोष्टीतला वाद पक्षी कोणाच्या मालकीचा याचा आहे. त्याचा पंख पुढे चालला का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

दयेला संस्थेचे रूप पांजरपोळाने दिले. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून 1832 मध्ये दंगल झाली आणि त्यानंतर 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि जैन-हिंदू व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तिथला पांजरपोळ उभा राहिला. म्हातारी, लंगडी, कोणाला नको असलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळणे हा त्याचा हेतू. पुढे 1929 मध्ये दिल्लीत जैन समाजाने केवळ पक्ष्यांसाठी रुग्णालय सुरू केले. ते आज लाल मंदिराच्या आवारात आहे. कबुतरे, पोपट, चिमण्या यांच्यावर तिथे विनामूल्य उपचार होतात.

या संस्थांचे मोल कमी लेखू नये. पण पांजरपोळाच्या हिशेबात जगणे म्हणजे श्वास चालू राहणे. गायीच्या बाबतीत हे पुरते. तीन पायांची गाय गोठ्यात सुखाने जगते. एका पंखाची घार पिंजऱ्यात जगते तेव्हा ती घार म्हणून जगत नाही. दुसरी अडचण आहाराची. घार, ससाणा, घुबड यांना मांसच लागते आणि अहिंसेच्या आवारात मांस शिजत नाही, कापलेही जात नाही. त्यामुळे दयेच्या घरात शिकारी पक्ष्यांची कायम कुचंबणा झाली.

शिकारीची वाट

गंमत अशी, की शिकारी पक्ष्याचे शरीर सर्वांत बारकाईने ज्यांना ठाऊक होते, ते स्वतः शिकारी होते. ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवणाऱ्यांना पक्षी आजारी पडणे परवडत नसे. चांगला बहिरी ससाणा घोड्याच्या मोलाचा. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचा 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ हरप्रसाद शास्त्री यांनी 1910 मध्ये कोलकात्याहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. ग्रंथ शिकारीचा. पण त्यात ससाण्यांची जोपासना, ऋतूनुसार त्यांची निगा आणि त्यांच्या आजारांवरचे उपचार आहेत. युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने लॅटिनमध्ये असाच मोठा ग्रंथ लिहिला.

या मंडळींनी शोधलेली एक युक्ती आजही जशीच्या तशी वापरली जाते. उडण्याचे पीस तुटले, तर नवे यायला पुढच्या पीसझडीपर्यंत, कधी वर्षभर, थांबावे लागते. ससाणेवाले झडलेली पिसे जपून ठेवत. तुटलेल्या पिसाचा उरलेला दांडा पोकळ असतो. त्यात बारीक खुंटी बसवत आणि त्याच जागेचे, त्याच मापाचे जुने पीस तिच्यावर जोडत. इंग्रजीत याला इम्पिंग म्हणतात. पिसाचा दांडा नखासारखा निर्जीव असल्याने पक्ष्याला दुखत नाही आणि तो लगेच उडू शकतो. घुबडाच्या बाबतीत याचे मोल अधिक, कारण त्याच्या पिसांची झालरीसारखी कडच त्याचे उडणे निःशब्द करते. आवाज करणारे घुबड उंदीर पकडू शकत नाही, म्हणजे उपाशी मरते.

रोज वजन करणे, छातीच्या मधल्या हाडावर हात फिरवून मांस किती आहे ते पाहणे, बसायची दांडी योग्य जाडीची ठेवणे म्हणजे तळव्याला फोड येत नाहीत, लांब दोरी बांधून उडवत दम वाढवणे, हे सारे ससाणेवाल्यांचे. आज ज्याला आपण पुनर्वसन म्हणतो, त्याचा अर्धा भाग या लोकांनी आधीच रचून ठेवला होता. फक्त त्यांचा पक्षी उडून परत हातावर यायला हवा होता, आणि आपला परत यायला नको.

निरीक्षणाची आणि शस्त्राची वाट

तिसरी आणि चौथी वाट मुंबईत एकाच दशकात सुरू झाली. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना झाली. त्याच दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि 1886 मध्ये तिथेच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका शहरात पक्षी ओळखणारे आणि प्राणी बरे करणारे शेजारी आले. तरी कितीतरी काळ दोघे आपापल्या वाटेने समांतर चालत राहिले.

याचे कारण दोघांच्या गरजांत आहे. पक्षिशास्त्राला तेव्हा पक्षी हातात हवा असे आणि तो बहुधा मेलेलाच असे. सलीम अली यांच्या आयुष्याची दिशा ठरली तीच मुळी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. गळ्यावर पिवळा डाग असलेली ती चिमणी कोणती, हे विचारायला तो मुलगा मामाची चिठ्ठी घेऊन सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे गेला. भारतीय पक्षी-अभ्यासाची ही सर्वांत प्रसिद्ध सुरुवात आहे आणि ती एका पडलेल्या पक्ष्यापासून झाली. पुढे त्याच माणसाने देशाला जिवंत पक्षी पाहायला शिकवले. 1941 मध्ये त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आले. मराठीत हे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. वनखात्यातल्या नोकरीत जंगलातल्या लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा करून त्यांनी 'पक्षिकोश' रचला आणि हंसदेवाचे 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणण्यातही त्यांचा हात होता. पक्षी काय खातो, कुठे रात्र काढतो, कोणत्या महिन्यात घरटे बांधतो, हे ज्ञान या वाटेने जमले. बरा झालेला पक्षी केव्हा आणि कुठे सोडायचा, हे त्याशिवाय ठरत नाही.

पशुवैद्यकाची गरज निराळी होती. घोडा लष्कराला, बैल शेतीला, गाय-म्हैस दुधाला. पक्ष्यांत काय ते कोंबडी, आणि कोंबडी आजारी पडली तर विचार कळपाचा होतो, एकेका कोंबडीच्या मोडलेल्या हाडाचा नाही. माझ्या घारीला टाके घालणाऱ्या डॉक्टरांचे वाक्य त्यामुळे अगदी खरे होते.

पक्ष्याचे हाड जोडणे हे बैलाचे हाड जोडण्यासारखे नसतेच. हाड कागदासारखे पातळ, आतून पोकळ, मोडते तेव्हा चरचरीत कपच्या होतात. पंखाचे खांद्याजवळचे हाड तर श्वसनाच्या हवापिशव्यांशी जोडलेले असते. ते उघडे पडले असताना जखम धुवायला भरपूर पाणी वापरले, तर ते पाणी श्वसनमार्गात उतरू शकते. भूल देण्याचे इंजेक्शन जरा जास्त झाले, की पक्षी संपला. आयसोफ्लुरेनसारखी हुंगवायची भूल प्रचारात आल्यावर हे चित्र बदलले. मुखवटा काढला, की काही मिनिटांत पक्षी शुद्धीवर येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1974 मध्ये शिकारी पक्ष्यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तिथल्या पॅट्रिक रेडिग यांनी हाडाच्या आत पोलादी सळई, बाहेरून आडव्या पिना आणि त्या दोन्हींना जोडणारा दांडा, अशी पक्ष्याला पेलेल इतकी हलकी पद्धत बसवली. रेडिग स्वतः ससाणेवाले होते. म्हणजे शिकारीची आणि शस्त्राची वाट एका माणसात भेटली.

पक्ष्याचे हाड जुळते मात्र झपाट्याने, साधारण तीन आठवड्यांत. खरी शर्यत सांध्याशी असते. पंख आठाच्या आकड्यासारख्या पट्टीने बांधून ठेवला आणि जास्त दिवस तसाच राहिला, तर हाड जुळते पण सांधा आखडतो. खांद्यापासून मनगटापर्यंत एक पातळ पडदा ताणलेला असतो. मांजा नेमका तोच कापतो. त्या पडद्यात कडेने एक शिर जाते. ती तुटून तशीच भरली, तर पंख पुरता पसरत नाही. म्हणून मधूनमधून भूल देऊन पंख हलकेच ताणावा लागतो. मग लांब पिंजऱ्यात सरळ उडता येते का, वळता येते का, उतरताना तोल जातो का, चार फेऱ्यांनंतर धाप लागते का, हे पाहायचे. माझ्या घारीचे टाके चांगले पडले होते. ती जगली असती, तरी उडाली असती का, याविषयी मला आता शंका आहे.

वाटा मिळतात

चारही वाटा एकत्र यायला एक मोठे अरिष्ट घडावे लागले. 1990च्या दशकात गिधाडे मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. पक्षी मोजणारे कारण शोधत होते, पण मेलेल्या गिधाडाच्या पोटातले वाचायला पशुवैद्यच हवा होता. 2001 मध्ये हरियाणात पिंजोरला आजारी गिधाडांसाठी केंद्र निघाले आणि तिथे दोघे एका टेबलाशी आले. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरील संशोधनातून उत्तर मिळाले: डायक्लोफेनॅक. गुरांना दुखणे कमी व्हावे म्हणून देतात ते औषध. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. म्हाताऱ्या गायीची वेदना कमी करावी ही शुद्ध दया. तिने कोट्यवधी गिधाडे मारली. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. माझा दुधाचा चमचा आणि ते इंजेक्शन एकाच जातीचे.

दिल्लीत याच सुमारास नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांना एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या रुग्णालयात ती मांसाहारी म्हणून घेतली गेली नाही. भावांनी घराच्या तळघरातच घारींवर उपचार सुरू केले. व्यायामशाळेत स्नायू आणि शिरांबद्दल जे शिकले होते, तेच त्यांचे पहिले भांडवल. त्यांच्यावरचा शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्‌स' हा 2022 चा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. औपचारिक शिक्षणाशिवाय एखाद्या विषयात शिरलेल्या माझ्यासारख्याला त्यांचे विशेष कौतुक वाटते. महाराष्ट्रात नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन विभागाची उपचार केंद्रे झाली. पशुवैद्य, पक्षी ओळखणारे आणि सांभाळ करणारे तिथे एका छपराखाली असतात.

सिद्धार्थ-देवदत्ताच्या वादाचा निकालही दरम्यान कायद्याने वेगळा लावला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हंस मारणाऱ्याचाही नाही आणि वाचवणाऱ्याचाही नाही. सापडलेल्या वन्यजीवाची खबर 48 तासांच्या आत द्यावी लागते. जीव लागला म्हणून घुबड घरी ठेवता येत नाही. काहींना हा कायदा कोरडा वाटतो. मला त्यात त्या जुन्या गोष्टीचा सुटलेला शेवट दिसतो: पक्षी कोणाचाच नाही, म्हणून त्याने जायचे.

सोडणे म्हणजे काय

जायचे कुठे, हा धडा मात्र जुन्नरने देशाला दिला, आणि तो पक्ष्यांवरून नव्हे, बिबट्यांवरून. उसात राहणारे बिबटे 2001 पासून मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते या मोहिमेनंतर 17 पर्यंत गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर गोंधळते, परत फिरते, माणसाच्या आड येते. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आमच्याकडे पाहुण्यांना दाखवले जाते. पण या तालुक्याची खरी शिकवण त्या आकड्यांत आहे: पिंजऱ्याचे दार उघडणे म्हणजे सुटका नव्हे.

पक्ष्यालाही हेच लागू. घुबडाला आपल्या परिसरातला प्रत्येक खांब, प्रत्येक ढोली पाठ असते. म्हणून जिथे सापडला शक्यतो तिथेच, त्याच्या वेळेला, घुबड तिन्हीसांजेला आणि घार उन्हे चढल्यावर, सोडायचा. पिल्लू असेल तर आधी घरट्याचा शोध, कारण माणसाच्या हाताने वाढलेल्या पिल्लाला माणूसच आपला वाटू लागतो. आणि जो कधीच उडणार नाही, त्याचे काय? इथे पांजरपोळ आणि आजचे वैद्यक यांची ताटातूट होते. एक म्हणतो, जगू द्या. दुसरे म्हणते, वेदनेत आणि भीतीत रोज माणसाच्या हातून खाणे हे रानपाखराचे जगणे नव्हे, त्याला शांत मरण द्या. मी कित्येक वर्षे पहिल्या बाजूचा होतो. आता उडण्याची आशा पुरती संपली असेल तर दुसऱ्या बाजूचा आहे, पण ते लिहिताना हात सहज चालत नाही.

शिवाय सर्वांत चांगली शस्त्रक्रिया म्हणजे जी करावी लागत नाही ती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीनंतर आमच्या तारांवर आणि बाभळींवर तो महिनोन्‌महिने लोंबत असतो. कुजत नाही. सुती दोरा एका पावसाळ्यात संपतो. द्राक्षबागांवर पक्ष्यांपासून राखण म्हणून जाळी टाकतात. सैल जाळीत बुलबुल, साळुंकी आणि त्यांच्यामागे आलेले घुबडही गुरफटते.

दूध पाजल्याबद्दल विचारणारा तो मुलगा आता द्राक्षबागाईतदार आहे. गेल्या हिवाळ्यात पहाटे त्याचा फोन आला. जाळीत गव्हाणी घुबड अडकले होते. मी पोहोचलो तोवर त्याने जाळी कापून घुबड सोडवले होते, भोके पाडलेल्या खोक्यात जुने कापड घालून ठेवले होते, खोके अंधाऱ्या खोलीत होते आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोनही झाला होता. मला पाहताच म्हणाला, "काका, काही पाजलं नाही बरं का. नुसतं झाकून ठेवलंय."

पंखाचे हाड शाबूत होते, पडद्याला जखम होती. काही आठवड्यांनी वनरक्षक ते घुबड परत घेऊन आले आणि दिवेलागणीला त्याच बागेच्या बांधावर खोके उघडले. घुबड थोडा वेळ बसून राहिले, मग आवाज न करता बांधावरून लिंबाच्या दिशेने गेले. आम्ही तिघे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मजूर लावून सगळी जाळी ताणून बांधून घेतली. ताणलेल्या जाळीवर पक्षी आपटतो आणि उडून जातो, गुरफटत नाही.